क्विकफॅक्ट्स: लव्हिंग काउंटीपुरते किती कामाचे?

टेक्ससच्या लव्हिंग काउंटीची (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग) आकडेवारी पाहायची तर क्विकफॅक्ट्स हे अमेरिकी सेन्सस ब्यूरोचे, म्हणजे जनगणना खात्याचे, मोफत संकेतस्थळ सुरुवातीला उत्तम. नाव टाकले की 2020 ची लोकसंख्या 64, 2010 ची 82, जमीन सुमारे 669 चौरस मैल, सगळे एकाच तक्त्यात. मेंटोन हे मुख्यालय मात्र सापडणार नाही. 5,000 पेक्षा कमी वस्तीची गावे इथे घेतलेलीच नाहीत. उत्पन्न आणि शिक्षणाचे आकडे जपून वापरा. ते पाच वर्षांच्या नमुना पाहणीतले आहेत, आणि इतक्या थोड्या घरांत त्रुटीची मर्यादा (खरा आकडा किती इकडेतिकडे असू शकतो ती) फार मोठी होते. शिवाय 2020 च्या जनगणनेत गोपनीयतेसाठी आकड्यांत मुद्दाम किंचित फेरफार केला आहे. राज्याची एकूण लोकसंख्या तेवढी जशीच्या तशी; काउंटीची नाही. म्हणून 64 हा आकडा काटेकोर समजू नका.