आंब्याच्या साइटसाठी क्लाउड सर्व्हर: आठ महिन्यांचा अनुभव

दादाची देवगडला हापूसची बाग आहे. पेट्यांच्या ऑर्डरी घेणारी वर्डप्रेसची साइट मी पुण्यातून सांभाळतो. चार वर्षं ती शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइटांबरोबर होती आणि ऐन सीझनला हमखास बसायची. गेल्या नोव्हेंबरात कंटाळून क्लाउड सर्व्हर, म्हणजे भाड्याने मिळणारा पण आपणच सांभाळायचा सर्व्हर घेतला: १ जीबी रॅम, २५ जीबी डिस्क, वर उबंटू २४.०४ हे लिनक्स. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण खालच्या बहुतेक भानगडी माझ्याच आहेत.

सर्व्हर मिनिटभरात तयार होतो. पहिल्या रात्री सहज लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडला, तर ज्या साइटला नोव्हेंबरात काळं कुत्रं विचारत नाही, तिथे कुणीतरी रूट, अ‍ॅडमिन, टेस्ट अशी नावं लावून ओळीने लॉगिन करून बघत होतं. बॉट सगळ्याच पत्त्यांवर असे फिरत असतात, हे नंतर कळलं. त्याच रात्री पासवर्डने लॉगिन बंद केलं, फक्त एसएसएच की (माझ्या लॅपटॉपवरची किल्लीची फाइल) ठेवली आणि नको ती दारं बंद करणारी फायरवॉल लावली.

त्या उत्साहात ८० नंबरचं पोर्टही, म्हणजे साध्या एचटीटीपीचं दारही, बंद केलं. साइट सुरक्षित एचटीटीपीएसवर, म्हणजे त्याचं ४४३ पुरे, असा माझा हिशेब. एचटीटीपीएसला लागणारं माझं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सेवेचं, ९० दिवसांचं होतं. सर्टबॉट हा प्रोग्राम ते आपोआप नवं करतो, पण साइट माझीच आहे याची तपासणी माझ्याकडे नेमकी ८० वरून व्हायची. फेब्रुवारीत सकाळीच दादाचा फोन: ‘अरे, साइट उघडली की लाल पाटी येता. लोकां घाबारतत!’ पोर्ट उघडलं, एक कमांड चालवली, झालं. पण तोवर महिनाभर सर्टबॉट लॉगमध्ये ओरडत होता आणि मी लॉग बघत नव्हतो.

मेलचंही तेच. जुन्या होस्टिंगमध्ये मेल फुकटात मिळायची, त्यामुळे ते वेगळं काम आहे हेच डोक्यात नव्हतं. स्पॅमच्या भीतीने बऱ्याच क्लाउड कंपन्या मेल पाठवायचं २५ नंबरचं पोर्ट बंद ठेवतात. शेवटी ऑर्डरच्या मेलसाठी वेगळी सेवा जोडली.

बिलाबद्दल थोडं. जाहिरातीतला आकडा डॉलरमध्ये. त्यावर बॅकअप, त्यावर १८ टक्के जीएसटी. प्रयोगासाठी घेतलेला दुसरा सर्व्हर मी बंद करून ठेवला होता, त्याचेही तीन महिने पैसे गेले. गाळ्याचं शटर ओढलं म्हणून भाडं थांबत नाही. माझ्या कंपनीकडे नको असेल तर सर्व्हर डिलीटच करावा लागतो.

आता ज्यासाठी हा खटाटोप केला ते. पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी दादाने पहिल्या पेट्यांचा मेसेज सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, मला न सांगता. नऊ वाजता साइटवर डेटाबेस कनेक्शनची एरर. १ जीबीत पीएचपी आणि डेटाबेस दोघांना रॅम पुरेना, मग लिनक्सने सगळ्यात जास्त रॅम खाणाऱ्याला मारलं. तो निघाला डेटाबेस. शेअर्ड होस्टिंगवर असतो तर सपोर्टला तिकीट टाकून बसलो असतो. इथे सर्व्हर बंद केला, ४ जीबीचा प्लॅन निवडला, चालू केला. पाच मिनिटंही लागली नाहीत. डिस्क मात्र वाढवली नाही, कारण माझ्या कंपनीकडे एकदा वाढवलेली डिस्क परत लहान होत नाही. अक्षय्य तृतीयेला साइट हललीसुद्धा नाही. जूनमध्ये पुन्हा १ जीबीवर आणली, या वेळी २ जीबी स्वॅप (रॅम संपली की वापरायची डिस्कवरची जागा) देऊन.

वेगातला फरक दादालाही जाणवला. जुना सर्व्हर अमेरिकेत होता, आताचा मुंबईत. मुंबईत आता पर्याय पुष्कळ आहेत. अ‍ॅमेझॉनचं रीजन (डेटा सेंटरांचा समूह) २०१६ पासून आहे, गूगलचं २०१७ पासून.

कुणी विचारलं तर मी आधी विचारतो, रात्री नऊला लॅपटॉप उघडणारं घरात कुणी आहे का? नसेल तर पाच पानांच्या साइटसाठी या फंदात पडू नका, शेअर्ड होस्टिंगच बरं. मी स्वतः मात्र आता मागे जाणार नाही.

परवा बॅकअप नव्या सर्व्हरवर चढवून बघितला. ऑर्डरी आल्या, मजकूर आला, आंब्याचे फोटो आलेच नाहीत. अपलोडचं फोल्डर मी बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये घातलंच नव्हतं. आता घातलंय.