केरळच्या गाडीचा इसार अन् माझे ३६,७९९ रुपये

परवा परतवाड्याहून साळ्यानं मोबाईलवर एक फोटो पाठवला. खाली लिहिलेलं, "भाऊजी, घरासारखी गाडी हाय, मागं पलंग, गॅस, सगळं. समुद्राच्या काठाकाठानं फिरा, दिवसाचे फक्त ४,५००. करू का बुक?" फोटो उघडला अन् डोकं सणकलं माझं. ज्या गाडीच्या नावानं मी फसलो होतो तीच पांढरी गाडी, तोच पिवळा पडदा, बाजूला त्याच दोन फोल्डिंगच्या खुर्च्या अन् मागं निळाशार समुद्र. कंपनीचं नाव तेवढं नवीन. साळ्याला आधी फोन लावून थांबवलं अन् मग म्हटलं लाज गेली खड्ड्यात, सगळं लिहूनच टाकू.

आम्ही वरुड तालुक्यातले, संत्र्याची बाग अन् थोडा हरभरा-तूर. यंदा आंबिया बहार बरा निघाला अन् व्यापाऱ्यानं पैसे पण वेळेवर दिले (असं दरवर्षी होत नाही, कास्तकाराला विचारा). बाबा ७६ वर्षांचे. त्यांनी कित्येक वर्षांपासून एकच लावून धरलेलं, कन्याकुमारीचं विवेकानंद शिलास्मारक पाहायचं. कारण १९७० मध्ये ते ज्यांच्या मेहनतीनं उभं राहिलं ते एकनाथ रानडे आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्याचे, अन् त्यासाठी देशभरातल्या साध्या लोकांनी एकेक रुपया दिला होता. आपल्या गावातूनही गेले होते असं बाबा म्हणतात, खरंखोटं त्यांनाच माहीत. पण बाबांचे गुडघे गेलेले, दर दोन तासांनी आडवं व्हावं लागते, हॉटेलच्या पायऱ्या चढणं होत नाही. म्हणून ही पलंगवाली गाडी पाहिली तेव्हा मला वाटलं की कोणीतरी खास बाबांसाठीच बनवली आहे.

प्लॅन पण मी पक्का केला होता. नागपूरहून केरला एक्सप्रेसनं एर्नाकुलम, तिथं गाडी ताब्यात घ्यायची अन् हायवे ६६ नं आलप्पुळा, कोल्लम, वर्कला, कोवलम करत खाली कन्याकुमारी. सुमारे ३०० किलोमीटर, ६ दिवस, घाई नाही. जानेवारीत तिकडं पाऊस नसतो, ऊन छान. केरळ सरकारनं २०२१ मध्ये केरावॅन केरळा नावाची योजना काढली होती ती मी पेपरात वाचली होती, म्हणून तिकडं अशा गाड्या असतात हे मला माहीत होतं, अन् तिथंच मी फसलो. गोष्ट खरी होती, माणूस खोटा होता.

गाडीच्या कंपनीचा फोनवरचा माणूस हिंदीत बोलायचा, लय गोड. "सर, पिताजी के लिए नीचे वाला बेड रख देंगे." मी काही मागायच्या आत हा बाबांची सोय बोलून रायला! घरात सगळ्यांना माणूस आवडला. मग म्हणे ५,००० टोकन पाठवा, तारीख ब्लॉक करतो.

आता आमच्याकडं टोकन म्हणजे इसार. झाडावरची बाग देतो तेव्हा व्यापारी इसार देतो अन् बाग त्याची होते, कागद नंतर, कधीकधी कागद होतच नाही. माझ्या आज्यापासून हेच चालत आलं. म्हणून ५,००० पाठवताना मला जरा पण खटकलं नाही, उलट वाटलं माणूस रीतीचा आहे. पण व्यापारी आपल्या बांधावर उभा असतो, त्याचं गाव माहीत असते, त्याचा भाऊ-साळा कोण ते माहीत असते. इथं कोण होतं? फोनातला आवाज.

चार दिवसांनी १५,००० डिपॉझिट, परत मिळणारं. त्यानंतर ६,८००, कारण कन्याकुमारी तामिळनाडूत येते अन् केरळची गाडी बॉर्डर ओलांडणार तर परमिट अन् टॅक्स लागतो. हे ऐकून तर माझा विश्वास अजून वाढला, कारण दुसऱ्या राज्यात भाड्याची गाडी न्यायची तर टॅक्स लागतो हे आपल्यालाही माहीत आहे, मध्यप्रदेशची बॉर्डर आमच्या घरापासून किती दूर आहे? बायको म्हणाली, "आधीच का नाई सांगतलं त्यानं परमिटचं?" मी तिलाच झापलं. तिची माफी मागितली आहे, पण ती अजून ऐकवते.

शेवटचा झटका रात्रीचा. त्या आठवड्यात मोटारपंपाची लाईन रात्री होती, मी हरभऱ्याला पाणी देऊन रायलो होतो, पायात चिखल, डोक्याला टॉर्च, थंडी. ११ वाजता फोन आला. "सर, आपने परमिट का ज्यादा भर दिया, ९,९९९ रिफंड बन रहा है, क्यूआर भेजा है, स्कॅन करके पिन डालिए." अंगठा ओला, स्क्रीन धड चालत नव्हती, तिसऱ्यांदा पिन टाकला तेव्हा लागला. अन् टुन्‌ करून मेसेज आला, ९,९९९ डेबिट. अकाउंटमध्ये पैसे येताना पिन कधीच लागत नाही, पिन फक्त देताना लागतो. हे मी स्वतः ग्रामपंचायतीत एका म्हाताऱ्याला समजावून सांगितलेलं. मी! त्या रात्री दांडावर बसून होतो, पाणी दुसऱ्याच सऱ्यांमध्ये गेलं तेही कळलं नाही.

सकाळी पुतण्याला फोटो दाखवला. तो आयटीआयला आहे, मेकॅनिक. अर्धा मिनिट पाहिला अन् म्हणे, "काका, स्टिअरिंग डाव्या हाताले हाय नं याचं." काचेतून नीट दिसते, पण मी पडदा अन् समुद्रच पाहत बसलेलो. मग म्हणे मागच्या खोलीचं दार उजव्या बाजूला आहे. आपण डाव्या बाजूनं चालवतो म्हणून आपल्याकडं उतरायचं दार डावीकडं असते, उजवीकडं दार असलं तर माणूस थेट ट्रकखाली उतरन. म्हणजे गाडी युरोपातली कुठली तरी, समुद्र पण तिकडचाच.

मग एकेक धागा उसवत गेला. त्या गाडीवाल्यानं आरसीचा, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदाचा, फोटो पाठवलेला, केएल-०७ म्हणजे एर्नाकुलमचा नंबर, तो सरकारच्या एमपरिवहन अ‍ॅपवर टाकला तर निघाली स्कूटर. बिलावरचा जीएसटी नंबर ०७ नं सुरू होत होता. ते पहिले दोन आकडे राज्याचे असतात, केरळचे ३२, आपले २७, अन् ०७ म्हणजे दिल्ली. कंपनी कोचीची, नंबर दिल्लीचा! तो जीएसटीच्या साईटवर फुकट तपासता येते, तिथं टाकला तर सापडलाच नाही. यूपीआयवर पैसे पाठवताना नाव येते ते पण चारही वेळा वेगळ्या बाईमाणसाचं, कंपनीचं एकदाही नाही. अजून एक, स्वतः चालवायला भाड्यानं मिळणाऱ्या गाडीची पाटी काळी अन् अक्षरं पिवळी असतात. त्याच्या सगळ्या फोटोंमध्ये पाटी पुसलेली होती, मी समजलो प्रायव्हसी का काय ते असन.

१९३० ला (सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर) फोन लावला, लगेच लागला नाही, चौथ्यांदा लागला. तक्रार नोंदवली, बँकेत गेलो, ठाण्यात गेलो. रात्रीचे ९,९९९ पुढच्या एका खात्यात होल्ड झाले असं कळलं, पण सोडवायला वेळ लागन म्हणतात. आधीचे २६,८०० गेले, ते ज्या त्या दिवशीच एटीएममधून काढलेले. ठाण्यातला जमादार म्हणाला पहिल्याच तासात फोन केला असता तर चान्स जास्त होता. पण परमिटच्या वेळी बायकोचं ऐकायला काय झालं होतं मला? रात्री पण ११ ला समजलं तेव्हा १९३० लावायचं सोडून मी त्याच माणसाला फोन करत बसलो, २७ वेळा, "भाऊ असं नको करू" म्हणत.

साळ्याला हे सगळं सांगितलं तर तो म्हणे, "पण भाऊजी, याचे रिव्ह्यू चांगले हायत." अरे बापा, माझ्यावाल्याचे पण चांगलेच होते. शेवटी त्याला एकच काम दिलं, की त्या माणसाला व्हिडिओ कॉल लाव अन् गाडीत बसून आत्ता हॉर्न वाजवून दाखव म्हणून सांग. त्यानं लावला. तिकडून ब्लॉक.

गाडी गेली पण रेल्वेचं तिकीट खरं आहे, ते मी स्वतः काढलेलं. ते कॅन्सल नाही केलं. तिथं टॅक्सी करू, मध्ये दोन ठिकाणी खालच्या मजल्यावरची खोली पाहिली आहे, फोनवर नाही, पुतण्याचा दोस्त तिकडं कामाला आहे तो जाऊन पाहून आला, पैसे आम्ही तिथं पोचल्यावरच द्यायचे. बाबांना गाडीचं सगळं सांगितलं नव्हतं, आकडा तर नाहीच. काल त्यांनीच विचारलं, "ते चुलीवाली गाडी नाई भेटली म्हणते सून. मंग सकाळचा चहा कुठी प्याचा आपण?"