‘रॅटल अँड हम’मधली लाइव्ह गाणी काढून टाकली, त्याला सात महिने झाले

यू-टू या आयरिश रॉक बँडचा ‘रॅटल अँड हम’ हा अल्बम माझ्याकडे वर्षानुवर्षं आहे आणि तो मी कधीही सलग संपवलेला नव्हता. १७ ट्रॅक, ७२ मिनिटं. दर वेळी कुठेतरी मध्येच सुटायचा. गाणी वाईट आहेत म्हणून नाही. त्यांची पंगत चुकीची वाढलेली आहे म्हणून. डेन्व्हरच्या मैफलीत ‘प्राइड’ चालू असतं, हजारो माणसं ओरडत असतात, आणि पुढच्याच क्षणी आपण मेम्फिसच्या सन स्टुडिओत बसून ‘एंजल ऑफ हार्लेम’ ऐकत असतो. जरा रुळतोय तोवर पुन्हा स्टेडियम. कान बिचारे किती वेळा जागा बदलणार?

म्हणून सात महिन्यांपूर्वी नियम ठरवला: प्रेक्षकांचा आवाज असलेलं काहीही ठेवायचं नाही. ‘हेल्टर स्केल्टर’, ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’, ‘आय स्टिल हॅवन्ट फाउंड’, ‘सिल्व्हर अँड गोल्ड’, ‘प्राइड’, ‘बुलेट द ब्लू स्काय’ अशी सहा गाणी गेली. जिमी हेंड्रिक्सच्या गिटारवरचा अमेरिकन राष्ट्रगीताचा तुकडाही गेला, कारण तो ‘बुलेट’ची प्रस्तावना म्हणूनच आहे. ३८ सेकंदांचा आणखी एक तुकडा गेला, त्याबद्दल शेवटी. उरली नऊ गाणी आणि साधारण पावणेबेचाळीस मिनिटं. म्हणजे दोन बाजूंच्या एका एलपीत नीट मावेल इतकी. मूळ अल्बमला दोन तबकड्या लागल्या होत्या!

पहिले तीन आठवडे मूळ क्रम तसाच ठेवून फक्त गाळलेलं ऐकलं. हे करू नका. सुरुवात ‘व्हॅन डिमेन्स लँड’ने होते. बँडचा गिटारवादक द एज याने स्वतः गायलेलं, आयर्लंडमधून हद्दपार केलेल्या फेनियन (ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या) कवी जॉन बॉइल ओ’राइलीला वाहिलेलं शांत गाणं. गाणं सुंदर आहे, पण ते ‘हेल्टर स्केल्टर’च्या धुमश्चक्रीनंतर श्वास घ्यायला ठेवलेलं होतं. धुमश्चक्रीच नाही तर श्वास कशाचा घ्यायचा? पुढे सन स्टुडिओतली तीन गाणी ओळीने येतात आणि तिथे अल्बम मधल्यामध्ये बसकण मारतो. लाइव्ह गाणी नकोशी वाटत होती, पण ती खांबासारखी उभी होती, हे ती काढल्यावर कळलं.

मग मांडणी बदलत गेलो. एकूण अकरा वेळा (डायरीत लिहून ठेवलंय, हसू नका). टिकलेला क्रम असा: पहिल्या बाजूला ‘डिझायर’, ‘एंजल ऑफ हार्लेम’, ‘हार्टलँड’, ‘व्हॅन डिमेन्स लँड’ आणि ‘हॉकमून २६९’. दुसऱ्या बाजूला ‘व्हेन लव्ह कम्स टू टाउन’, ‘लव्ह रेस्क्यू मी’, ‘गॉड पार्ट टू’ आणि ‘ऑल आय वाँट इज यू’. दोन्ही बाजू वीस-एकवीस मिनिटांच्या. हे मी मोजून जुळवलेलं नाही, जुळल्यावर मोजलं.

‘डिझायर’ने सुरुवात करण्यात काही अक्कल लागत नाही. तीन मिनिटांच्या आत संपणारं, जुन्या रॉक अँड रोलवाल्या बो डिडलीच्या पद्धतीच्या ठेक्यावरचं गाणं. ब्रिटनमध्ये या बँडचं पहिलं नंबर वन. त्याच्या मागोमाग ‘एंजल’मधले मेम्फिस हॉर्न्स हे ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाले आले की खोलीत कुणीतरी खिडकी उघडल्यासारखं होतं.

खरा शोध मात्र ‘हॉकमून’चा. मूळ अल्बमवर ते चौथ्या नंबरला आहे आणि सहा मिनिटांचं असल्यामुळे मी ते नेहमी पुढे ढकलायचो. बाजूच्या शेवटी नेल्यावर ते उभं राहिलं. सुरुवातीला जवळजवळ कुजबुज. खाली बॉब डिलनचं हॅमंड ऑर्गन, ते आधी लक्षातही येत नाही. मग कडव्यागणिक एकेक थर चढत जातो, ड्रमर लॅरी मलनचे टिंपनी (मोठे नगारे) धडधडायला लागतात, शेवटी गॉस्पेल (चर्चमधल्या भक्तिगीतांच्या) ढंगाच्या बायकांचे आवाज गायक बोनोला अक्षरशः ढकलत नेतात. यानंतर दुसरं काही लगेच ऐकूच नये. मी तिथे आठ सेकंदांची शांतता घातलीय, तबकडी उलटायला लागते तशी.

दुसऱ्या बाजूला ‘व्हेन लव्ह कम्स टू टाउन’ने, ब्लूज गिटारवादक बी. बी. किंगबरोबरच्या गाण्याने, दार उघडतं. त्याची गिटार बोनोच्या ओरडण्याच्या मधल्या फटींमध्ये येते, दोन-चार सूर, बस्स. आणि त्याचा आवाज आला की बोनो शाळकरी पोर वाटतो. (हे कौतुकच आहे.) शेवटी ‘ऑल आय वाँट इज यू’ला पर्याय नाही. व्हॅन डाइक पार्क्सने रचलेली व्हायोलिन-चेलोची लाट गाणं संपल्यावरही रेंगाळत राहते. मूळ क्रमात हे गाणं ‘बुलेट’च्या कल्लोळानंतर यायचं, तेव्हा पहिली दोन मिनिटं माझे कान अजून स्टेडियममध्येच असायचे. आता त्याच्या आधी ‘गॉड पार्ट टू’ आहे, जॉन लेननच्या ‘गॉड’ला दिलेलं कोरडं, यंत्रासारखं उत्तर. त्यानंतर ती एकटी गिटार ऐकायला काय वाटतं ते करूनच बघा.

आता तक्रारी. पहिली माझ्याच मूर्खपणाची. नवीन क्रम लावताना मी मूळ फायलींचेच टॅग बदलले: ट्रॅक नंबर, अल्बमचं नाव, सगळं. परिणामी लायब्ररीत मूळ अल्बमचा सांगाडा उरला, आठ तुकड्यांचा. पूर्ववत करायला एक रविवार गेला. आधी कॉपी करा, मग टॅग बदला. दुसरं म्हणजे आवाजाची पातळी सारखी करणारी सोय. ती प्रत्येक ट्रॅकला वेगळी लावली की ‘व्हॅन डिमेन्स लँड’ ‘डिझायर’एवढं मोठ्याने गायला लागतं आणि सगळी गंमत जाते. अल्बम धरून लावा. आणि क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता पुढचं त्यात मिसळणारी सोय) बंद करा, नाहीतर ती व्हायोलिनं पुन्हा सुरू होणाऱ्या ‘डिझायर’खाली गाडली जातात.

‘हार्टलँड’ अजून सलतं. ते ‘द जोशुआ ट्री’ या आधीच्या अल्बमच्या काळातलं आहे आणि तसंच ऐकू येतं: धुकं, ब्रायन इनोचे कीबोर्ड, दूरवरचं काहीतरी. मेम्फिसच्या मंडळींत ते पाहुण्यासारखं बसलेलं असतं. तीन जागा बदलून पाहिल्या. काढायची मात्र हिंमत होत नाही.

मोह दोनदा झाला. तिसऱ्या महिन्यात ‘आय स्टिल हॅवन्ट फाउंड’ परत घेतलं, कारण मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये गॉस्पेल कॉयरबरोबर म्हटलेलं ते गाणं १९८७च्या स्टुडिओतल्या गाण्याची नक्कल नाहीच, वेगळाच जीव आहे. चार दिवस टिकलं. टाळ्या आल्या की मांडलेली खोली विस्कटायची. दुसरा मोह ‘सिल्व्हर अँड गोल्ड’चा, ते स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेलं आहे, ‘व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम’च्या मागच्या बाजूला. पण ते घेतलं तर मी अल्बम मांडत नाही, माझ्या आवडीची गाणी गोळा करतोय, म्हणून नाही घेतलं.

या अल्बमवर तो आला तेव्हापासून एक आरोप आहे, की हे चौघे बीटल्स, डिलन, हेंड्रिक्स यांच्या रांगेत स्वतःला उभं करू पाहतात. लाइव्ह भाग काढला की तो आरोप बराच सैल होतो. बीटल्सची आणि डिलनची उसनी गाणी जातात, राष्ट्रगीत जातं, ‘सिल्व्हर अँड गोल्ड’च्या मधलं वर्णद्वेषावरचं भाषण जातं. राहतात ते जुन्या संगीताच्या दारात उभे असलेले चार आयरिश, घरच्या माणसांबरोबर वाजवणारे. मला हा बँड जास्त आवडतो.

एका गोष्टीची मात्र रुखरुख आहे. ‘फ्रीडम फॉर माय पीपल’, ३८ सेकंदांचा तुकडा, हार्लेमच्या रस्त्यावर वाजवणाऱ्या स्टर्लिंग मॅगी आणि ॲडम गसो यांचा. तो यू-टूचा नाहीच, स्टुडिओतलाही नाही, त्यामुळे नियमात बसेना. आता सहा लाइव्ह गाण्यांची वेगळी अर्ध्या तासाची यादी केलीय, गाडी चालवताना झकास चालते, त्यात तो टाकला. तिथेही तो नीट बसत नाही. ‘हॉकमून’नंतरच्या त्या आठ सेकंदांच्या जागी घालून बघायचा विचार आहे. म्हणजे बारावी वेळ.