सेकंडहँड हॉवरक्राफ्ट, आठ महिन्यांनंतर: बाकी सगळं ठीक, तो स्कर्ट सोडून

घेतलं तेव्हाच लिहिणार होतो, पण तेव्हा लिहिलं असतं तर नुसती आरती झाली असती म्हणून थांबलो. गेल्या रविवारी स्कर्टचे, म्हणजे खालची हवा कोंडून धरणाऱ्या कापडी झालरीचे, मागच्या डाव्या कोपऱ्यातले पाच सेगमेंट (झालरीचे सुटे तुकडे) एकदम फाटले आणि ओहोटीच्या चिखलात मी तासभर बसून राहिलो, तेव्हा म्हटलं आता लिहूच.

मशीन नेहमीचंच. एक सीट, एक फोर स्ट्रोक इंजिन, एक फॅन, त्याचीच साधारण तिसरा हिस्सा हवा खाली आणि बाकीची मागे. इंजिनबद्दल तक्रार शून्य, पहिल्या झटक्यात सुरू होतं. आवाज भयंकर आहे, पण तो सगळ्यांचाच असतो. ब्रेक नाही, वळताना गाडी आडवीच घसरत जाते, हे ज्याला जमत नाही त्याने कयाक घ्यावी.

मला हे वेड लहानपणापासूनचं. नव्वदच्या दशकात मुंबई-नवी मुंबई हॉवरक्राफ्ट चालायचं, मामा वाशीला, सुट्टीत गेलं की मी त्याच्या मागे लागायचो की दाखव. बसायला कधी मिळालं नाही, तिकीट परवडायचं नाही. नोकरीने इंग्लंडमध्ये पोर्ट्समथजवळ आणून टाकलं तेव्हा पहिल्याच शनिवारी हॉवरक्राफ्टने साउथसीहून समोरच्या आयल ऑफ वाइट बेटावरच्या राइडला जाऊन आलो, दहा मिनिटांचा प्रवास. राइडला ओहोटीला समुद्र इतका लांब जातो की बोटीसाठी जवळजवळ अर्धा मैल लांब धक्का बांधावा लागला, आणि हे बेणं सरळ वाळूवरून वर येऊन बसतं. त्या दिवशीच ठरलं होतं की आपलं एक घ्यायचं, पैसे जमायला अकरा वर्षं गेली.

आता मुद्द्याचं. विकणाऱ्याने सांगितलं होतं की स्कर्ट 'नवाच म्हणा'. नवाच म्हणा म्हणजे काय ते मला दुसऱ्या महिन्यात कळलं. एकूण ६४ सेगमेंट, त्यातले मागचे आठ-दहा चाळणी झालेले, आणि बांधायला वापरलेले केबल टाय पांढरे! पांढरा नायलॉन उन्हात ठेवला की बिस्किटासारखा तुटतो, काळे घ्यायचे असतात, शंभराच्या पाकिटात फरक पडतो फार तर एका पौंडाचा. मेल केला तर उत्तर आलं, ही नेहमीची झीज आहे. एक सेगमेंट ११ पौंड, पोस्टेज वेगळं. पाकिटात येणाऱ्या कापडाच्या तुकड्याला पोस्टेज सात पौंड!

मग उन्हाळ्यात आई आली सांगलीहून. तिने फाटका सेगमेंट उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, "अरे ही तर झबल्याची बाही आहे, ह्याला अकरा पौंड?" मी नायलॉनचं निओप्रीन (एक प्रकारचं रबर) लावलेलं कापड आणलं, जाड सुई आणली, आणि तिने दोन दिवसांत २० शिवून दिले. शिवताना म्हणाली, "आतून पट्टी लाव, नाहीतर टाकाच कापडाला फाडेल." कंपनीच्या सेगमेंटला पट्टी नाही आणि ते बरोबर टाक्याच्या रेषेतच फाटतात, हे मी तोपर्यंत बघितलंच नव्हतं. रविवारी जे पाच फाटले त्यात आईचा एकही नव्हता.

इथपर्यंत रविवारी रात्रीच लिहून ठेवलं होतं, जरा जास्तच शिव्या होत्या, त्या काढल्या. कारण बुधवारी क्लबमधल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, उतारावरून पाण्यात नेताना थ्रॉटल किती ठेवतोस? मी म्हटलं कमीच, उगाच पेट्रोल कशाला जाळायचं. तो नुसता हसला.

माझं मशीन आणि मी मिळून २५५ किलो, खाली हवेची उशी साधारण चार चौरस मीटर, म्हणजे चौरस सेंटीमीटरला जेमतेम साडेसहा ग्रॅम. उशी पूर्ण फुगलेली असेल तर जमिनीला काही कळतही नाही. पण कमी थ्रॉटलवर ती अर्धवट फुगते, फॅन मागे असल्याने मागचे कोपरे आधी बसतात, आणि आमचा उतार काँक्रीटचा. म्हणजे आठ महिने मी पॉलिशपेपरवरून स्कर्ट ओढत होतो. त्यात मागच्या सेगमेंटची तोंडं पुढच्या बाजूला उघडी, पाण्यावर हळू चाललं की ती पाणी भरून घेतात आणि जास्तच ओढ बसते. दीड पौंडाचं पेट्रोल वाचवून पंचावन्न पौंडांचं कापड घासलं. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

म्हणून विकणाऱ्याला अर्धी माफी. पांढऱ्या टायची माफी नाही.

हॉवरक्राफ्टचा शोध लावणाऱ्या कॉकरेलसाहेबांचं बरं होतं. कॉफीच्या डब्यात मांजराच्या खाण्याचा डबा घालून प्रयोग केला, आणि १९५९ साली त्यांच्या एसआर-एन१ या हॉवरक्राफ्टने इंग्लिश खाडी पार केली तेव्हा त्याला स्कर्टच नव्हता. साहेब स्वतः वजन म्हणून डेकवर पुढेमागे करत होते. स्कर्ट नाही तर कटकट नाही. अर्थात उंचीही नाही, लाट आली की खेळ खलास, त्यामुळे लॅटिमर-नीडहॅम यांनी काढलेल्या या कापडी झालरीला मी शिव्या देतो खरा, पण तिच्याशिवाय माझं मशीन आमच्या चिखलातली एक चाकोरीही ओलांडणार नाही.

आणि सुटे सेगमेंट असलेल्या स्कर्टची एक गोष्ट मान्य करायलाच हवी, एखादा फाटला तर शेजारचे फुगून जागा भरतात आणि माणूस घरी पोचतो. पाच एका ओळीत फाटले तर नाही पोचत.

कालच काळे टाय आणले, दोनशेचं पाकीट. आईचे सहा सेगमेंट शिल्लक आहेत, पाच मागे लावतोय, उरलेला एक सांगलीला पाठवणार आहे, तिला नमुना पाहिजे म्हणे. पोस्टाने नाही, दिवाळीला कोणी जात असेल तर त्याच्या बॅगेतून.