मानपत्र एक नंबर, पण रेडिमेड मजकूर घेऊ नका

कोल्हापुरात मे महिन्यात कुणाचा सेवापूर्ती सत्कार ठरवत असाल तर मानपत्राची ऑर्डर एप्रिलमध्येच देऊन टाका, नंतर कोण फोनसुद्धा उचलत नाही. कारण साधं आहे. त्या पिढीतल्या कित्येकांची जन्मतारीख शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लावलीय, आणि १ तारखेचा जन्म असला की माणूस आदल्या दिवशीच रिटायर होतो, त्यामुळं ५८ पूर्ण झालेले सगळे ३१ मेला एकदम बाहेर. हॉल फुल्ल, फेटेवाला फुल्ल, राजारामपुरीपासून महाद्वार रोडपर्यंत मेमेंटोवाले फुल्ल.

आमच्या मॅडमची पण तीच तारीख. झेडपीच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागल्या, मग केंद्रप्रमुख, मग विस्तार अधिकारी आणि शेवटी गटशिक्षणाधिकारी. तालुक्यातल्या शिक्षकांनी वर्गणी काढली आणि मानपत्राचं काम माझ्या गळ्यात पडलं.

ते आम्ही या दुकानात करून घेतलं. आधी चांगलं सांगते. फ्रेम लई भारी आहे, खरं सागवान, पॉलिश गुळगुळीत, मागची प्लाय पण जाड, खिळे बाहेर आलेले नाहीत. वर कोपऱ्यात शाहू महाराजांचा फोटो घातलाय, तो आम्हीच सांगून घातला, कारण महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि पोरगं शाळेत नाही घातलं तर आईबापाला महिन्याला १ रुपया दंड ठेवला, ही गोष्ट मॅडमनी धनगरवाड्यांवर जाऊन इतक्यांदा सांगितलीय की आम्हाला पाठ झालीय. "महाराज असते तर तुझा रुपया गेला असता बघ" म्हणायच्या आणि पोराचा हात धरून शाळेत घेऊन यायच्या.

आता मजकुराचं. दुकानात कॉम्प्युटरवर तयार मानपत्रं आहेत, फक्त नाव आणि पद बदलायचं. कर्तव्यदक्ष, शिस्तप्रिय, मनमिळाऊ, शिक्षण क्षेत्रातील दीपस्तंभ वगैरे वगैरे. तेच मानपत्र बँकेच्या मॅनेजरला पण चालतंय आणि वायरमनला पण! त्यात भर म्हणजे सगळी अधिकारीपदं मोठ्या अक्षरात आणि शिक्षिका होत्या हे कुठंच नाही. आम्ही म्हटलं असलं नको, आम्हीच लिहून देतो. गगनबावड्याकडची दोन शिक्षकी शाळा, एका खोलीत दोन वर्ग पाठीला पाठ लावून बसलेले, फळ्याच्या मधोमध खडूची रेघ मारून एकीकडं पहिलीचं आणि एकीकडं दुसरीचं, इथनं सुरुवात केली आणि पदं खाली एका ओळीत बसवली.

आणि इथं दुकानातल्या डिझाइनवाल्या दादाला मानलं पाहिजे. आमच्याकडं मॅडमच्या एका जुन्या शेऱ्याचा फोटो होता, शाळाभेटीच्या रजिस्टरमधला. बाकीचे साहेब लिहितात 'अभिलेखे अद्ययावत ठेवावेत' आणि सही ठोकून जातात. मॅडमनी लिहिलं होतं, 'तिसरीतला खिडकीजवळचा मुलगा हातच्याच्या वजाबाकीत अडतो, त्याला काड्या मोजायला द्या, पाटीवर घाई करू नका.' आम्ही तो फक्त मजकुरात टाईप करायला दिला होता, तर दादा म्हणाला, "ताई, अक्षर त्यांचंच ठेवूया की." मग त्यानं फोटो साफ करून, रजिस्टरच्या रेघा काढून टाकून, त्यांचंच अक्षर लेझरनं पितळी पट्टीवर कोरून फ्रेमच्या खाली बसवलं. याचे जादा पैसे घेतले, पण एका शब्दानं घासाघीस केली नाही आम्ही. स्टेजवर मॅडम शाल सावरत वरचं काही न वाचता थेट ती पट्टीच वाचायला लागल्या आणि "त्याला जमलं का रे नंतर?" म्हणून त्या शाळेच्या सरांकडं बघितलं.

तक्रार एकच, पण मोठी. आपण मोबाईलवरनं मजकूर पाठवला की हे लोक तो त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतात आणि त्यात जोडाक्षरं फुटतात. 'विद्यार्थ्यांच्या'चा रफार उडाला, 'गटशिक्षणाधिकारी'मधला 'धि' दीर्घ झाला, एक दुरुस्त केलं की दुसरं बिघडतंय. समोर हॉलभर शिक्षक बसणार, खिशात लाल पेन असलेले, तिथं एक वेलांटी चुकली तर सत्कार बाजूला आणि चर्चा वेलांटीची! त्यामुळं व्हॉट्सअपवर प्रूफ आलं की झूम करून बघा, आणि फायनल प्रूफ दुकानात जाऊन कागदावर काढून घ्या, लाजू नका. ते कंटाळतात पण देतात.

फ्रेमबरोबर फ्री म्हणून ॲक्रेलिकचा पेनस्टँड देतात त्याचा नाद सोडा, घरी जाईपर्यंत चिकटवलेलं निघालं. वर्गणीचा हिशोब द्यायचा असेल तर पक्कं बिल आधीच मागा. फ्रेम मोठी आहे, गाडीवर मागं धरून न्यायच्या भानगडीत पडू नका, सरळ रिक्षा करा. आणि शाल-श्रीफळ इथं घेऊ नका, महाद्वार रोडला आम्हाला तीच शाल कमी भावात मिळाली.