वायरचा हेडसेट की ब्लूटूथ?

म्हापशाचा भाचा विचारतो, "मामा, व्हॅटसिमवर (सिम्युलेटरवर विमान उडवणाऱ्यांचं ऑनलाइन जाळं, तिथे खरी माणसं कंट्रोलर होतात) मोपा विमानतळावर उतरताना कंट्रोलरचा आवाजच गायब होतो. ब्लूटूथ टाकून यूएसबीचा घेऊ?"

आधी आवाज जातो कसा ते बघ. ब्लूटूथचा माइक चालू झाला की हेडसेट स्टिरिओ सोडून हँड्स-फ्रीवर, म्हणजे फोनवर बोलायच्या मोडवर जातो. विंडोजच्या यादीत तो बरेचदा दोन नावांनी दिसतो. सिम्युलेटर एकाकडे आवाज पाठवतो, व्हीपायलट (व्हॅटसिमला जोडणारा प्रोग्राम, कंट्रोलरचा आवाज यातूनच येतो) दुसऱ्याकडे, आणि इंजिन नाहीतर कंट्रोलर मुका! दोन्हीकडे हँड्स-फ्री निवडलंस तर भागतं, पण आवाज जुन्या टेलिफोनसारखा.

यूएसबीत ही भानगड नाही. मात्र पोर्ट बदललास तर विंडोज कधी कधी त्याला नवा समजतो, मग सेटिंग परत. वीज वाचवायला पोर्ट झोपवायची सोय तेवढी बंद करून ठेव. चार्जिंगची कटकटही नाही. ऐन लँडिंगला बॅटरी संपली तर रागावणार कोणावर? साधा यूएसबी स्वस्तही पडतो. आपल्या दमट हवेत कानाच्या गाद्या दोन्हींच्या सोलतात, तिथे बरोबरी.

एकट्याने उडत गाणी ऐकणाऱ्याला ब्लूटूथ पुरे. कंट्रोलरशी बोलायचं असेल त्याने वायरच घ्यावी. तू तर रोज रात्री व्हॅटसिमवरच असतोस.