जुनी लष्करी जीप, नवे नियम आणि कोल्हापूरचे एक गॅरेज

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत, ओतकाम करणाऱ्या दोन कारखान्यांच्या मधल्या बोळात, जुन्या लष्करी जीप पूर्ववत करून देणारे एक गॅरेज आहे. माझी १९४४ ची फोर्ड जीपीडब्ल्यू, म्हणजे फोर्डने दुसऱ्या महायुद्धात बनवलेली जीप, तिथे चौदा महिने होती. बोलणी सहा महिन्यांची झाली होती. कामाची तारीफ आणि तक्रार दोन्ही करायची असल्याने गॅरेजचे नाव मुद्दामच लिहीत नाही. कोल्हापुरातल्या जीपवाल्यांना ते सांगावे लागणार नाही.

पहिल्या भेटीत मिस्त्रींनी बॉनेटला हातही लावला नाही. ते म्हणाले, "गाडी नंतर बघू, आधी आरसी बुक दाखवा." तेव्हा हा प्रकार मला थोडा विचित्र वाटला होता, पण आज या गॅरेजची शिफारस करताना तेच मुख्य कारण सांगावे लागते. पाना हातात घेण्याआधी नियम वाचणारा कारागीर जुन्या गाड्यांच्या धंद्यात फारसा भेटत नाही, आणि जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम लागू केल्यापासून त्याच्यावाचून चालतही नाही.

या नियमांचा मसुदा नोव्हेंबर २०२० मध्ये आला, तेव्हा आम्हा जीपवाल्यांना आनंदच झाला होता. नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, नंतरच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये आणि पाटीवर 'व्हीए' ही अक्षरे असलेला खास क्रमांक, एवढेच आम्ही वाचले. मिस्त्रींनी त्यापुढच्या ओळी वाचल्या होत्या. वाहनाचे वय पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक हवे, असे नियम म्हणतो. माझी जीप ऐंशी वर्षांची असली, तरी माझ्या काकांनी ती १९७८ मध्ये लष्कराच्या लिलावात घेतली आणि तिची नागरी नोंदणी त्याच वर्षी झाली. म्हणजे नियमाचा शब्दशः अर्थ लावला, तर ही जीप २०२८ नंतर विंटेज होणार. लष्कर आपल्या वाहनांची नोंदणी स्वतः करते, तशी तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० मध्ये आहे, आणि लष्करी पाटीवर बाणापुढचे दोन आकडे वर्षच सांगतात. ती वर्षे वयात का धरू नयेत, याचे पटेल असे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

दुसरी अडचण इंजिनाची. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेले वाहन या नियमांत बसत नाही. आपल्याकडे पेट्रोल परवडत नाही म्हणून शेतकऱ्यांनी जीपमध्ये सर्रास डिझेल इंजिने बसवली, आणि आमच्या काकांनीही तेच केले. त्या इंजिनाच्या जोरावर जीपने तीस वर्षे उसाच्या फडापर्यंत फेऱ्या मारल्या. या गाड्या भंगारात न जाता टिकल्या त्या डिझेलमुळे, आणि आता त्याच डिझेलमुळे त्या 'मूळ स्वरूपात' नाहीत. चौथऱ्यावर झाकून ठेवलेल्या गाडीला मान आणि राबलेल्या गाडीला दंड, असा हा हिशेब मला पटत नाही. पण तो बदलणे मिस्त्रींच्या हातात नव्हते. त्यांनी हरियाणातल्या मंडी डबवालीच्या जीप बाजारातून मूळ जीपमध्ये असायचे तसे २१९९ सीसीचे, साठ अश्वशक्तीचे जुने साइडव्हॉल्व्ह (झडपा सिलिंडरच्या बाजूला असलेले) पेट्रोल इंजिन मिळवले, त्याचे बिल माझ्या नावावर घेतले, आणि डिझेल इंजिन उतरवण्याआधी दोन्ही इंजिनांच्या क्रमांकांचे फोटो काढून फाइलला लावले. आरसी बुकात इंधन आणि इंजिन क्रमांक परवानगी घेऊनच बदलावे लागतात, हे त्यांनी मला तीनदा बजावले.

कारागिरीबद्दल एकच उदाहरण देतो. फोर्डने युद्धकाळात आपल्या जीपच्या बोल्टांवर आणि सुट्या भागांवर इंग्रजी 'एफ' अक्षर उमटवले होते, तीच जीप बनवणाऱ्या विलीज कंपनीच्या गाडीवर ते नसते. मिस्त्रींनी माझ्या जीपचे बोल्ट खोलताना एकेक डोके तारेच्या ब्रशने घासून पाहिले आणि 'एफ' असलेले एक्केचाळीस बोल्ट डालड्याच्या जुन्या डब्यात वेगळे ठेवले. ते सगळे पुन्हा त्यांच्या मूळ जागी बसले. वायरिंगही सहा व्होल्टचीच ठेवली. हेडलाइट मिणमिणते आहेत, पण तो दोष १९४४ चा आहे.

तक्रारी सांगतो. आठ महिने उशीर झाला, त्याचे कारण कोणी धड सांगितले नाही. पाण्याचा पंप गाडी घरी आल्यावर पंधराव्या दिवशी गळू लागला. तो फुकट बदलून दिला, पण जीप शिरोलीपर्यंत टेम्पोवर न्यावी लागली. गॅरेजने सुचवलेल्या एजंटाने अर्जात इंधन चुकीचे भरले आणि दोन महिने वाया गेले. तेव्हा गॅरेजमध्ये जावे, पण कागद आपले आपणच भरावेत.

गॅरेजच्या अंगणात एक निसान वनटनर, म्हणजे लष्कराचा एक टनी मालवाहू ट्रक, उभा आहे. त्याचा मालक तो पूर्ववत करायचे काम पुढे न्यायला तयार नाही, कारण विंटेजचे नियम दुचाकी आणि प्रवासी मोटारींपुरते आहेत. मालवाहू गाड्या त्यांत येतच नाहीत. त्यामुळे शक्तिमान, वनटनर, डॉज या ट्रकांसारख्या ज्या वाहनांनी लष्कराचा खरा भार वाहिला, त्यांना या नियमांत जागा नाही. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहने भंगारात काढायची आहेत. संरक्षणाच्या कामातील चिलखती आणि विशेष वाहने त्यातून वगळली आहेत, बाकीची लिलावात चालत्या स्थितीत मिळण्याची आशा मिस्त्रींनी सोडली आहे, आणि म्हणूनच सुट्या भागांचे त्यांचे दर दर दिवाळीला वाढतात.

मला त्यांनी विंटेज नोंदणीचा आग्रह केला नाही, हे विशेष. व्हीए क्रमांक घेतला की गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. शेतावर नेता येत नाही. म्हणून तूर्त साधी नोंदणीच पाच वर्षांनी वाढवावी, असा त्यांचा सल्ला. तोही स्वस्त नाही. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरील हलक्या मोटारीच्या नूतनीकरणाला १०,००० रुपये लागतात आणि आयात केलेल्या चारचाकीला ८०,०००. युद्धाच्या काळात जहाजाने आलेली माझी जीप यातल्या कुठल्या रकान्यात बसवली जाईल, या विचाराने माझी झोप उडते.

शेवटी रंगाचा प्रश्न आला. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कोणालाही लावता येत नाही. एका नियमाला मूळ स्वरूप हवे, आणि दुसऱ्याला मूळ रंग चालत नाही. मिस्त्रींनी जीपला वाळूचा फिका रंग दिला. मात्र मागच्या चाकावरच्या हत्यारपेटीच्या झाकणाखाली, पांढऱ्या आणि निळ्या थरांच्या तळाशी सापडलेला मूळ हिरवा रंग त्यांनी तळहाताएवढ्या चौकोनात तसाच ठेवला आणि त्यावर पारदर्शक लॅकरचा हात दिला. बिलात त्याचे पैसे लावलेले नाहीत.